चार बोटं मागं

कॅमेऱ्याची पाठ उघडली.
फिल्म सरकते त्या चौकटीवर
बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवला.
शटर ‘बी’वर, केबल दाबून अडकवलेली,
भिंग दोनवर, म्हणजे पुरतं उघडं.

समोर शिंप्याची टेप, फळीवर तिरकी.
पन्नासच्या आकड्यावर खिळा.
खिडकीतून बघितलं तर खिळे दोन,
एक पिवळसर, एक खरा.
भिंग फिरवत गेलो तसा पिवळा सरकत आला
आणि खऱ्याच्या अंगात शिरला.

(मी बाई. तरी ‘गेलो’च म्हणतो,
मंगळवार पेठेत सगळ्याच म्हणतात.
पुण्याच्या हॉस्टेलवर पोरी हसायच्या.
त्यांना मी एकाची दोन दिसत असेन.)

मग मागून, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून.
कागदावर सगळं उलटं, खिळा खाली डोकं वर पाय.
पन्नास धुरकट.
अठ्ठावन्नची मात्र रेघ न् रेघ मोजून घ्यावी.

पुन्हा केलं. डाव्या डोळ्यानं केलं.
दस्तगीर मुल्लाणींनी चष्मा कपाळावर चढवून केलं.
अठ्ठावन्न.
“लांबचं बघ की आधी,” म्हणाले.
दुकानाच्या गच्चीवरून ज्योतिबाचा डोंगर धरला,
डोंगरावर डोंगर चपखल बसला, कागदावरही स्वच्छ.
“म्हंजे लांबचं खरं बोलतोय.
जवळ आलं की थापा मारतोय ह्यो.
इथं चार बोटं, आखाड्यात हातभर.”

हातभर.
खासबागेत मातीत गुडघे रोवून अप्पांनी काढलेले फोटो:
चितपट झालेला धुरकट,
जिंकलेला त्याहून धुरकट,
आणि मागं कडेला बसलेल्या हलगीवाल्याच्या
मनगटावरचा काळा दोरा, त्याची गाठसुद्धा.
पेपरवाले परत पाठवायचे.
काका म्हणायचे, दादाची नजर गेली.
आईनं तीनदा चष्म्याचा नंबर बदलून आणला.
चौथ्यांदा अप्पांनी कॅमेरा ट्रंकेत घातला
आणि उद्यमनगरात
व्हॉल्व्हच्या खोक्यांवर शिक्के मारायला लागले.
रिटायर होईपर्यंत.

दस्तगीरमामांनी आतल्या दांडीचं चाक
गव्हाच्या दाण्याएवढं वळवलं.
खिळा बसला, डोंगर फुटला.
डोंगर जुळवला, खिळा सुटला.
दुपारभर हेच, खिळा आणि डोंगर, खिळा आणि डोंगर,
मधे दोन चहा, एकदा लाईट गेली.
अंधारात टॉवरचा लाल दिवा धरला
आणि तो एकच राहिला.
पैसे घेतले नाहीत. “अप्पाला सांग,” एवढंच.

सांगितलं.
“तुमचा डोळा नीट होता. कॅमेरा मागं जात होता.”
अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला नाही.
“ठाव हुतं मला.
हातभर अलीकडं धरायचो मी.
पर पैलवान काय खिळा हाय व्हय, एका जागी थांबाय?”

मग बोलला का नाहीत कुणाला?

त्यांनी दाराकडं बघितलं.
आई दुधाच्या कॅलेंडरवर लिटर लिहीत होती.
“तिच्या पाटल्या मोडून घेतलेला,” हळू म्हणाले.
“त्यात खोट हाय म्हणून कसं सांगायचं?
डोळ्यांवर ढकललं. डोळं काय, माझंच हुतं.”

मग हात पुढं केला.
कॅमेरा घेतला, पट्टा मनगटाला दोन वेढे,
जसा मैदानात घ्यायचे.
आईवर धरला. बोट भिंगावर फिरत राहिलं,
थोडं पुढं, थोडं मागं.
“हलू नगंस,” म्हणाले.
“चौदा तारखेला दीड का दोन?” असं विचारत
ती हललीच.
ते पुन्हा फिरवायला लागले.

फिल्म भरायची राहिली होती.
मी काही बोललो नाही.